ज्वारीच्या पानांचीही परीक्षा हवी

२०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानंतर ज्वारीची चर्चा भाकरी आणि मधुमेहाभोवतीच फिरत राहिली. शेतकरी मात्र ज्वारी पेरतो ती दाण्याइतकीच कडब्यासाठी. या कडब्यावर घाला घालतात ते अँथ्रॅक्नोज, पानांवरील करपा आणि तांबेरा हे बुरशीजन्य रोग. दमट हवेमुळे त्यांचा जोर खरिपात अधिक. रब्बीत मोठा शत्रू खोड कुजवणारा खडखड्या.

रोगाला दाद न देणारा वाण शोधायचा, तर शेतात रोग मुद्दाम आणावा लागतो. चाचणीच्या वाणांमध्ये सहज बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी पेरतात. प्रयोगशाळेत ज्वारीच्या दाण्यांवर बुरशी वाढवून ते दाणे रोपांच्या पोंग्यात टाकतात आणि तुषार सिंचनाने पाने ओली ठेवतात. मग पानांचा किती भाग करपला, ते पाहून १ ते ९ गुण. इथे जास्त गुण मिळवणारा नापास!

खरी अडचण पुढे आहे. अँथ्रॅक्नोजच्या बुरशीचे अनेक उपप्रकार आहेत. त्यामुळे एका केंद्रावर टिकलेला वाण दुसरीकडे बळी पडू शकतो. शिवाय नैसर्गिक लागणीवरच विसंबलेल्या चाचणीत, कोरड्या वर्षी सगळेच वाण धट्टेकट्टे दिसतात. म्हणून अनेक ठिकाणी, अनेक हंगाम चाचण्या घेण्याला पर्याय नाही.

वाणाचे कौतुक मात्र क्विंटलच्या आकड्यावरच होते. दावणीत काय पडणार, हे सुचवणारा पानरोगाचा गुण, तो कुठे आणि किती हंगामांत मिळाला या माहितीसह, पेरणीआधी शेतकऱ्याच्या हाती पडायला हवा.