हजारो गाणी, एक प्लेयर

आमच्या रेवदंड्याच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक होती, कॅसेटींनी भरलेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतल्या निम्म्या सुपाऱ्या आडव्या झाल्या, कौलं उडाली आणि पाणी थेट ट्रंकेवर पडलं. लाइट कित्येक दिवस नव्हती. कॅसेटींची आठवण कोणाला राहणार! पावसाळा सरल्यावर ट्रंक उघडली तर बऱ्याचशा कॅसेटींवर पांढरी बुरशी. सावलीत पंख्याखाली वाळवल्या, काहींची फीत दुसऱ्या डबीत घातली, काही सोडून दिल्या. उरल्या 140.

त्यात काय नव्हतं? तिलावत, नाती, अझीझ नाझांच्या कव्वाल्या, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून कोणीतरी भरून घेतलेली गाणी, शाहीर अमर शेखांचा खडा आवाज. आमच्या फुफीच्या हळदीला मोहल्ल्यातल्या बायांनी ढोलकीवर म्हटलेली आपल्या बोलीतली गाणी, जी आता पुरी येणारी एकही बाई आमच्या गल्लीत उरलेली नाही. आणि 30-35 कॅसेटी अब्बांच्या. मरहूम अब्बा 1976 पासून 13 वर्षं कुवेतला होते. तेव्हा फोन महाग, पत्राला तीन आठवडे. मग तिकडून सुट्टीवर येणाऱ्याच्या हातात ते बोलून भरलेली कॅसेट द्यायचे. इथून अम्मी तशीच दुसरी पाठवायच्या. कोकणातल्या ज्या घरातला माणूस त्या काळी आखातात होता, तिथे अशी एखादी कॅसेट अजून सापडेल.

आमच्या मोठ्या मुलाने सगळ्या कॅसेटी संगणकात उतरवायला घेतल्या. अब्बांच्या उतरवताना अम्मींनी एकच अट घातली, आवाज बंद ठेवायचा. त्याने स्पीकर बंद करून नुसती पडद्यावरची पट्टी हलते का एवढंच पाहिलं. अट आम्हाला तेव्हा गंमत वाटली होती. तिचा अर्थ कळायला वेळ लागला.

साठा तयार झाला आणि प्रश्न आला की तो ऐकायचा कशावर. मुलाची स्वतःची 9,000 गाणी वेगळी. दुकानात गेलं की सगळे एकच विचारतात, किती जीबी? पहिल्यांदा आम्हीही तोच हिशेब मांडला. तोही करायला हवाच, म्हणून सांगतो. साध्या 128 च्या एमपीथ्रीला तासाला सुमारे 58 एमबी लागतात. 140 कॅसेटी, प्रत्येक 90 मिनिटांची धरली तरी 210 तास, म्हणजे 12 जीबी. मुलाची गाणी 320 च्या दर्जाची, एकेक 12 एमबीच्या आसपास, ती झाली 108 जीबी. एकूण 120. म्हणजे 128 चं कार्ड पुरेल असं वाटतं ना? पुरतं, पण फारशी जागा उरत नाही. कार्डावर 128 लिहिलेलं असलं तरी संगणकात ते 119 च दिसतं, कारण कंपनी हजाराने मोजते आणि संगणक 1,024 ने. मोठा साठा असेल त्याने एक पायरी वरचंच कार्ड घ्यावं.

पूर्वी असा साठा ठेवायला आयपॉड होता. 2001 मध्ये आला तेव्हा 5 जीबीचा, पुढे 160 जीबीपर्यंत वाढला. ते मोठं मॉडेल 2014 मध्ये बंद झालं आणि 2022 मध्ये आयपॉडच बंद झाला. जुने अजून विकायला असतात, पण त्या मोठ्या आयपॉडमध्ये फिरती डिस्क असते. ती पडली की संपली, आणि कार्ड बाहेर काढायची सोय नाही. आमचं मत विचाराल तर भावनेपोटी घेऊ नका. आज सोनी, फीओ, शानलिंग अशा कंपन्यांचे प्लेयर मिळतात, त्यात मायक्रो एसडी कार्ड बसतं. मुलाने मांडव्याची लाँच पकडून मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवरून त्यातला एक आणला. त्याच्यासाठी उत्तम आहे. फोल्डर जसेच्या तसे दिसतात, देवनागरी आणि उर्दू नावं नीट वाचता येतात. स्वस्त प्लेयरवर त्याच नावांच्या जागी चौकोन उमटतात. विकत घेण्याआधी आपल्याच साठ्यातली दहा-बारा गाणी कार्डावर घालून दुकानात न्यावीत आणि लावून बघावीत. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या.

जुना मोबाइल पडून असेल तर तोही चालतो. सिम काढा, विमान मोडवर टाका, व्हीएलसी हे फुकटचं अॅप घाला. घरातल्या निम्म्या लोकांना एवढं पुरे.

पण आम्ही प्लेयर शोधत होतो तो अम्मींसाठी.

अम्मी ऐंशीच्या पुढे. मोतिबिंदू काढून झाला तरी बारीक अक्षर दिसत नाही, आणि काचेवर बोट फिरवायचं तर बोट नको तिथे लागतं. कानात काही घालायला त्यांना आवडत नाही. मुलाने आपलाच महागडा प्लेयर त्यांना दिला, शिकवला. दोन दिवसांनी तो उशीखाली बंद पडलेला. मग आम्ही म्हटलं, अम्मी, तुम्ही फक्त सांगा, आम्ही लावून देऊ. त्यावर त्या गप्प. धाकटी नात "दादी, आज कुठली लावू?" असं विचारायची. त्या दर वेळी म्हणायच्या, नात लाव, नाहीतर फुफीच्या हळदीची लाव. अब्बांची एकही कॅसेट त्यांनी कधी मागितली नाही.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. तिशीतल्या नवऱ्याने तिशीतल्याच बायकोला एकट्या खोलीतून जे बोलून पाठवलं, ते नातीला लावायला कसं सांगणार? सून-मुलासमोर कसं ऐकणार? त्यांना हवा होता तो दुसऱ्या कोणाचा हात न लागता चालणारा प्लेयर. आम्ही जीबी मोजत बसलो होतो!

गाण्यांनी भरून येणारे रेडिओसारखे सेट पाहिले. 2017 मध्ये आलेला कारवां बऱ्याच घरांत आहे, त्यात 5,000 जुनी गाणी आधीच भरलेली असतात. ज्याला तीच गाणी हवीत त्याला ठीक. आमचा साठा आमच्या घरचा. पेनड्राइव्ह लावता येणारे इतर सेटही पाहिले, पण पुढे-मागे एवढीच बटणं असली तर 280 फाइलींत हवी ती बाजू शोधायला दुपार जाईल.

शेवटी अलिबागच्या बाजारात हजाराच्या आत मिळाला तो एक साधा कीपॅडवाला एफएम स्पीकर. मेमरी कार्ड बसतं आणि पुढे टेलिफोनसारखी 0 ते 9 बटणं. 118 दाबा, 118 नंबरची फाइल वाजते. पाचच्या बटणावर बारीक उंचवटा आहे, त्यामुळे अंधारातही बोटाला जागा कळते. आत पूर्वीच्या नोकियात असायची ती बीएल-5सी बॅटरी, काढता-घालता येणारी आणि मोबाइलच्या कुठल्याही दुकानात मिळणारी. वादळानंतरचे ते बिनलाइटीचे दिवस ज्यांनी काढले त्यांना तिचं मोल सांगायला नको.

आवाज काही खास नाही. कव्वालीचा ताल त्यात पत्र्यासारखा वाजतो. पण बोलणं स्वच्छ कळतं.

पहिल्या दिवशी फजिती झाली, ती आमचीच चूक. 1 दाबलं तर अमर शेख, 2 दाबलं तर तिलावतीचा मधलाच भाग. असे सेट फाइलीचं नाव वाचत नाहीत. कार्डावर जी आधी उतरली ती 1 नंबर. आम्ही सगळ्या एका ढिगाने ओढून टाकल्या होत्या. मग कार्ड फॉरमॅट केलं, फाइलींना 001, 002 अशी नावं दिली आणि त्याच क्रमाने एकेक करून उतरवल्या. स्वस्त सेट बहुधा 32 जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात, पण 12 जीबीला ते भरपूर झालं. प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीला नातीच्या आवाजात ओळख जोडली, "बासष्ट, फुफीची हळद, पहिली बाजू." चुकून दुसरी लागली तरी कळतं. अब्बांच्या फाइलींवर मात्र फक्त नंबर, दुसरं काही नाही.

तिलावत आम्ही वेगळ्या कार्डावर ठेवली. सगळं एकत्र असलं की एक बटण चुकतं आणि आयतीच्या पाठोपाठ ढोलकी सुरू होते. अम्मींना ते सहन होत नाही, आम्हालाही बरं वाटत नाही. दोन कार्डं, दोन रंगांच्या डब्या.

आणखी एक गोष्ट बघून घ्यावी. बंद करून पुन्हा चालू केल्यावर सेट थांबला तिथूनच वाजतो का? 45 मिनिटांच्या बाजूत तिसाव्या मिनिटाला डोळा लागला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकावं लागलं तर म्हातारं माणूस कंटाळतं. आमच्या सेटला हे जमतं. शेजारच्यांनी तसाच दिसणारा आणला, त्याला जमत नाही. दिसण्यावर जाऊ नका.

प्लेयरवरची प्रत हीच एकमेव प्रत कधीही असू देऊ नका. कार्ड न सांगता मरतं. मूळ उतरवलेलं आम्ही फ्लॅकमध्ये ठेवलं आहे. त्यात आवाजातलं काही गळत नाही आणि जागा सीडीच्या निम्म्याच्या आसपास लागते. दोन हार्ड डिस्कवर आहे, एक इथे आणि दुसरी मुंब्र्याला आमच्या बहिणीकडे. एकाच छपराखाली दोन प्रती ठेवून काय उपयोग, हे त्या ट्रंकेने शिकवलं.

अम्मींनी नंबरांची यादी मागून घेतली. मोठ्या अक्षरात, उर्दूत, एका वहीत लिहून दिली. अब्बांचे नंबर 96 पासून सुरू होतात. दुपारी जेवणं आटोपली की त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं असतं, आणि त्या वेळी नातवंडांनी तिकडे जायचं नाही असं आम्ही सांगून ठेवलं आहे. एकदा बाहेरून पाण्याचा तांब्या न्यायला गेलो तर आतून हसण्याचा आवाज आला. आम्ही तांब्या तिथेच ठेवून परतलो.

परवा त्यांनी आमच्याकडे आणखी एक बॅटरी मागितली. एक चार्ज होईपर्यंत थांबावं लागतं म्हणाल्या. दोन आणल्या. सेट पत्र्याच्या डब्यात ठेवतो, बुटांच्या खोक्यात येते ती ओल शोषणारी पुडी टाकून. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत चार्जिंगची पिन वर्षभरात हिरवी पडते, तेव्हा पुडी दर पावसाळ्याआधी बदलायची.