विश्लेषण : लांज्याचा कातळसडा खरेच ‘पडीक’ आहे का?

लांजा तालुक्यातले जांभ्याचे सडे एप्रिल-मेमध्ये पाहिले तर ओसाडच वाटतात. सातबाऱ्यावरही त्यांची नोंद बहुधा पोटखराब किंवा कातळपड अशी. जुलैत मात्र त्याच कातळाच्या खळग्यांत घोटाभर पाणी साचते आणि बोटभर मातीच्या थरातून लव्हाळ्याच्या कुळातल्या बारीक वनस्पती वर येतात. ऑक्टोबरच्या उन्हात डबकी आटतात. बी तेवढे मातीत राहते, पुढच्या पावसाची वाट पाहत.

लव्हाळा म्हणजे गवत नव्हे का?

नव्हे. गवताचा दांडा साधारणपणे गोल आणि पोकळ, लव्हाळ्याचा बहुधा तिधारी आणि भरीव. बोटांत फिरवला की फरक कळतो. जगात या कुळाच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. शेतकऱ्याला ठाऊक असतो तो नागरमोथा, आणि त्याच्या उपद्रवापायी सगळे कुळच बदनाम झाले आहे. पण ‘फिंब्रिस्टायलिस रत्नागिरिका’ या लव्हाळ्याच्या शास्त्रीय नावातच रत्नागिरी आहे. त्याच्या भाऊबंदांना फूल म्हणावे असे काही नसते, असतात ती तपकिरी कणसे. कासला लोक तिकीट काढून फुले पाहायला जातात. कणसांसोबत सेल्फी कोण काढणार?

कायद्याचे संरक्षण नाही का?

पाणथळ जागांबाबतच्या २०१७च्या नियमांतील व्याख्येत कायम आणि तात्पुरते, दोन्ही प्रकारचे पाणी येते. घोळ मोजणीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ज्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण देण्यास सांगितले, त्या सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या होत्या. सड्यावरची डबकी अनेकदा अंगणाएवढीही नसतात. म्हणजे व्याख्येत बसूनही ती यादीबाहेरच.

दुसरीकडे १९९०पासून रोजगार हमी योजनेतून फळबागांना अनुदान मिळू लागले आणि कोकणात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली. कातळ फोडून, खड्ड्यांत बाहेरची माती भरून कलमे लावली जातात. चिरेखाणी आहेतच. सडा बहुतेक ठिकाणी खासगी मालकीचा असतो. हापूसवर घर चालवणाऱ्याला ‘लव्हाळ्यासाठी बाग लावू नकोस’ असे सांगणे अन्यायाचेच नव्हे, निरर्थकही आहे. पण सगळा सडा फोडावा लागत नाही. पाणी साचणारे खळगे आणि त्यांना पाणी देणारा उतार सोडून लागवड करता येते. अनुदान देताना हीच अट का नसावी? तेवढी जागा सोडणाऱ्याला मोबदलाही द्यायला हवा.

हा प्रश्न केवळ वनस्पतीप्रेमींचा नाही. सच्छिद्र जांभ्यातून झिरपलेले पाणी खालच्या वाडीतले झरे आणि विहिरी भरते. जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडूनही उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर फिरतात, हे कोकणात कुणाला सांगायला नको.

मग सुरुवात कुठून?

सड्यावरच्या कातळशिल्पांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. त्यामुळे कातळाकडे निदान पाहिले जाऊ लागले. जिवंत सड्याची नोंद करायला वेगळ्या कायद्याची गरज नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या वहीत डबक्यांची जागा, पाणी किती आठवडे टिकते आणि काय उगवते, हे लिहिता येते. फक्त पाहणी ऑगस्टमध्ये व्हायला हवी. मे महिन्यात गेलेल्या पथकाला कातळाशिवाय काही दिसणार नाही, आणि अहवालातही तेच येईल.