दिवा जळतोय, इमा बसलीय

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. शाळेतल्या एका मैत्रिणीचा इस्राएलहून फोन आला. अलिबागकडची ही बेने इस्राएल मुलगी. लग्न होऊन तिकडे गेली त्याला सोळा वर्षं झाली, पण फोनवर अजून आपलं कोकणातलं मराठीच बोलते. आवाजात नुसता आनंद! म्हणाली, "अगं, या हनुक्काला सुफगानियोत पोरांनी केले. मी नुसती बसून होते, बसून!"

बसून होते, यात एवढं कौतुक काय? मैत्रिणींनो, दिवाळीच्या आठवड्यात आपण किती वेळ बसलेल्या असतो ते आठवा, म्हणजे कळेल.

हनुक्का हा ज्यू लोकांचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात येतो. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास मक्काबी योद्ध्यांनी जेरुसलेमचं मंदिर ग्रीक राजसत्तेकडून परत मिळवलं. तिथला दिवा लावायला शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसापुरतं, पण दिवा आठ दिवस तेवला, अशी कथा आहे. म्हणून पहिल्या संध्याकाळी एक दिवा, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असं करत आठव्या दिवशी आठ. शिवाय हे दिवे पेटवायला रोज एक 'सेवक' दिवा वेगळा.

चमत्कार तेलाचा, म्हणून खाणंही तेलातलं. पूर्व युरोपातले ज्यू बटाट्याच्या किसाच्या टिक्क्या तळतात. मोरोक्कोकडचे मधोमध भोक असलेले, सारण नसलेले गोल तळतात. आणि इस्राएलमध्ये मान सुफगानियाचा! आत जॅम, वर पिठीसाखर, असा मऊ गोल डोनट. अनेक झाले की सुफगानियोत. हा प्रकार पोलंड-जर्मनीकडून आला. याची एक गंमत आहे. टिक्क्या कुणालाही घरी करता येतात, डोनटला मात्र बेकरीवाला लागतो. त्या काळात हिस्ताद्रुत या कामगार संघटनेने डोनटचा पुरस्कार केला तो याचसाठी, की सणात बेकरी कामगारांना काम मिळावं. आज तिथे सणाच्या कितीतरी आधीपासून दुकानांत डोनटच्या राशी लागतात.

मग माझ्या मैत्रिणीने ते घरी का करायचे? तिचं उत्तर आपल्या कुणाचंही असू शकलं असतं. "विकतचं आणलं की सण आल्यासारखं वाटत नाही." म्हणून पाळीची नोकरी करून आल्यावर रात्री उशिरा ही एकटी पीठ मळणार, तळणार, जॅम भरणार. नवरा आणि मुलं खाऊन 'छान झालेत' म्हणणार. दिवे लागत तेव्हा ही ओट्यापाशी.

गेल्या वर्षी सणाच्या तोंडावर पाय घसरून पडली आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये. "या वर्षी दुकानातून आणू," ती म्हणाली. तर बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, "इमा, तू सांग, आम्ही करतो." इमा म्हणजे आई. आठ वर्षांची धाकटीही हात धुऊन तयार.

तिने सांगितलेली कृती अशी. अर्धा किलो मैद्याला दोन चमचे कोरडं यीस्ट, चार मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, दोन अंड्यांचं पिवळं, पन्नास ग्रॅम मऊ लोणी आणि साधारण एक कप कोमट दूध. दूध बोटाला सोसवेल इतकंच कोमट हवं, गरम दुधाने यीस्ट मरतं. लिंबाची किसलेली साल असली तर उत्तम. पीठ हाताला चिकटेनासं होईपर्यंत दहा मिनिटं मळायचं. हे काम मुलाचं. झाकून ठेवलं की तास-दीड तासात दुप्पट फुगतं. धाकटी दर पाच मिनिटांनी फडकं उचलून बघत होती!

मग अर्धा इंच जाड लाटून वाटीने गोल कापायचे आणि पुन्हा अर्धा तास झाकून ठेवायचे. ही दुसरी विश्रांती टाळली तर डोनट दडस होतात. तळायचं काम मोठ्यांचंच, मुलांना कढईपासून लांब ठेवायचं. मैत्रिणीच्या घरी ते नवऱ्याने केलं. आच मध्यम ठेवायची, तेल फार तापलं तर बाहेरून करपून आत कच्चं राहतं. एकेक बाजू दोनेक मिनिटं. नीट फुगलेल्या डोनटच्या कडेला फिकट पट्टा उमटतो, ती त्याची खूण. जरा निवले की कडेने सुरीने भोक पाडून कोनाने जॅम भरायचा. हे काम धाकटीचं.

कसे झाले? "एक चपटा, एक वाकडा, एकातून जॅम सगळा बाहेर. मैदा पार सोफ्यापर्यंत! सारखं वाटत होतं, उठावं आणि एका हाताने का होईना, नीट करावं. जीभ चावून बसले." आणि भांडी? तीही तिघांनीच घासली. हे मी मुद्दाम विचारून घेतलं. कारण 'मुलांची मदत' म्हणजे पुष्कळदा मुलांनी पसरायचं आणि आईने आवरायचं!

या सणाची एक जुनी रीत तिने तेव्हा सांगितली. हनुक्काचे दिवे जळत असतात तोवर, निदान पहिला अर्धा तास, बायकांनी काम करायचं नाही. ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ही रीत नोंदलेली आहे. या विजयात स्त्रियांचाही वाटा होता, म्हणून हा त्यांचा मान. शत्रूच्या सेनापतीला ठार करणाऱ्या यहुदितची कथाही याच सणाशी जोडली गेली आहे. रीत मैत्रिणीला लहानपणापासून माहीत होती. "पण बसले या वर्षी पहिल्यांदा. तेही मनगट मोडलं म्हणून."

हे ऐकून मी गप्पच झाले. शास्त्राने दिलेली सुट्टी घ्यायलासुद्धा बाईला प्लास्टर लागावं? खरं सांगू, नुसत्या रीतीने सुट्टी मिळत नाही. अर्धा तास हात बांधून बसायचं आणि उठून तेवढीच भांडी घासायची, तर ती सुट्टी कसली? सुट्टी मिळते ती ते काम दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं तरच. आणि ते अंगावर घ्यायची सवय आठव्या, बाराव्या वर्षीच लागते. फक्त मुलीला नव्हे, मुलालाही.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली. कोकणात बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. हनुक्का त्यांच्या जुन्या सणांत नव्हता, बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर तो आला. पण तेल काढणारे हात आठवड्यातून एक दिवस थांबायचे, हे त्यांनी कधी सोडलं नाही. "घाण्याच्या बैलालाही सुट्टी होती गं, आणि मी?" असं म्हणून ती हसली.

आता प्लास्टर निघालंय. यंदा काय करणार, विचारलं. म्हणाली, "मुलाने आधीच सांगून ठेवलंय, पीठ मीच मळणार. वाकडे झाले तरी तू उठायचं नाहीस."

आपल्या घरच्या पुढच्या सणाला ओट्यापाशी कोण असेल, मैत्रिणींनो? आणि पहिली करंजी वाकडी झाली, तर आपल्याला जीभ चावून बसता येईल ना?