गणपती शनिवारपुरते नकोत

परदेशातल्या बऱ्याच महाराष्ट्र मंडळांचा गणेशोत्सव तिथीला होत नाही. चतुर्थीच्या आसपासचा शनिवार-रविवार गाठून होतो. एखाद्या शाळेचा हॉल काही तासांसाठी भाड्याने घ्यायचा, अथर्वशीर्ष, आरती, मोदक, लेझीम सगळं त्यात बसवायचं आणि संध्याकाळी मखर सोडवून खोक्यात भरायचं. राबणाऱ्या कार्यकर्त्यांचा यात काहीच दोष नाही. पण प्रत्यक्ष चतुर्थीला मुलं वर्गात आणि आईवडील ऑफिसात असतात, शेजाऱ्याला तर सणाचा पत्ताही नसतो. म्हणून मंडळांनी आता सणाच्या दिवशीची सुट्टी मागायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

ही मागणी अवाजवी नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्यांचे वंशज तिथे आजही मूठभरच आहेत, तरी गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी साऱ्या देशाला असते. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि तिथली सुट्टी २८ ला. म्हणजे कोकणात दीड दिवसाचे गणपती पोचवतात, नेमका तो दिवस! न्यूयॉर्क शहराच्या शाळांना दिवाळीची सुट्टी २०२३ च्या राज्य कायद्याने मिळाली, तीही भारतीय आणि कॅरिबियन वंशाच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली तेव्हा.

प्रत्येक समाजाने सुट्टी मागितली तर शाळा भरायच्या कधी, हा आक्षेप रास्त आहे. मॉरिशसच्या यादीत महाशिवरात्र, ईद, चिनी नववर्ष आणि नाताळ शेजारी शेजारी आहेत, पण प्रत्येक देशाला ते जमेलच असं नाही. तिथे ऐच्छिक रजा मिळावी आणि त्या दिवशी परीक्षा नसावी, एवढं तरी मागता येतं. सुट्टीने भाषा टिकत नाही, असंही म्हणतात. खरं आहे, मॉरिशसच्या मराठी घरांतही आता बहुतेक क्रिओलच बोलली जाते. भाषेसाठी रोजचं बोलणंच लागतं. पण आपला सण देशाच्या कॅलेंडरात आहे हे पाहत वाढणाऱ्या मुलाला तो लपवावासा वाटत नाही, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे.

शाळांची वेळापत्रकं कितीतरी महिने आधी ठरतात. तेव्हा पुढच्या उत्सवाचा हॉल ठरवण्याआधी मंडळांनी शिक्षण मंडळाकडे अर्ज द्यावा, आणि शेजारच्या मुस्लिम कुटुंबांनी ईदसाठी अर्ज केला असेल तर त्यावरही सह्या कराव्यात.