मातीची साक्ष आणि यंत्राचा आकडा

दर पावसाळ्यात नवे रस्ते खचले की डांबराच्या दर्जाची आणि कंत्राटदाराच्या नियतीची चर्चा झडते. डांबराखालचा मातीचा भराव पुरेसा दाबला गेला होता काय, हा मूळ प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भराव दाबल्याचा पुरावा म्हणजे मातीच्या कोरड्या घनतेचा आकडा. त्यावरच थर मंजूर होतो आणि पुढील काम चढते. तेव्हा तो आकडा देणाऱ्या यंत्राची विश्वासार्हता हा केवळ अभियंत्यांचा प्रश्न नव्हे.

जुनी रीत कष्टाची, परंतु सरळ आहे. खड्डा खणून त्यातील माती तोलायची, खड्ड्यात वाळू ओतून त्याचे आकारमान काढायचे आणि माती 105 ते 110 अंश सेल्सिअसवर वाळवून ओलावा ठरवायचा. त्यात जवळजवळ एक दिवस जातो. अणुकिरणांवर चालणारे यंत्र हेच काम काही मिनिटांत उरकते. सिझियम-137 चे गॅमा किरण दाट मातीतून कमी प्रमाणात पार होतात, त्यावरून घनता कळते. अमेरिसियम व बेरिलियम यांच्या मिश्रणातून निघणारे वेगवान न्यूट्रॉन हायड्रोजनच्या अणूंवर आदळून मंदावतात, त्यावरून ओलावा कळतो.

गोम येथेच आहे. यंत्र पाणी मोजीत नाही, हायड्रोजन मोजते. अभ्रक, जिप्सम किंवा सेंद्रिय द्रव्य असलेल्या मातीत पाण्यावाचूनही हायड्रोजन असतो, त्यामुळे ओलावा वाजवीपेक्षा जास्त दिसतो. उलट क्लोरीन वा बोरॉन न्यूट्रॉन गिळून टाकतात आणि ओलावा कमी दिसतो. समजा, ओल्या मातीची घनता घनसेंटिमीटरला 2.05 ग्रॅम आहे, प्रयोगशाळेतील कमाल कोरडी घनता 1.88 आहे आणि खरा ओलावा 15 टक्के आहे. दाबणी तेव्हा 94.8 टक्के ठरते. यंत्राने ओलावा 12 टक्के दाखविला, तर तीच दाबणी 97.4 टक्के होते. अट 97 टक्क्यांची असेल, तर नापास थर कोणीही लबाडी न करता पास होतो!

रोज सकाळी प्रमाण ठोकळ्यावर यंत्र तपासले जाते, हे खरे. सिझियमची शक्ती 30 वर्षांत निम्मी होते, म्हणून ही तपासणी आवश्यकच आहे. परंतु त्यातून यंत्र स्थिर आहे एवढेच सिद्ध होते, समोरच्या मातीविषयी ते खरे बोलते असे नव्हे. घड्याळ चालू असणे आणि वेळ बरोबर असणे या भिन्न गोष्टी आहेत. तसेच अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना किरणोत्सर्गापासूनच्या सुरक्षिततेपुरता असतो, तो अचूकतेचा दाखला मानणे चूक आहे.

उपाय अवघड नाही. मातीचा प्रकार बदलताच यंत्राचे काही आकडे वाळूच्या व भट्टीच्या रीतीशी ताडून पाहावेत, फरक सातत्याने दिसल्यास तेवढी दुरुस्ती करावी आणि दोन्ही आकडे नोंदवहीत शेजारी शेजारी लिहावेत. यास थोडा वेळ लागेल, परंतु खचलेला रस्ता पुन्हा बांधण्यास लागणारा वेळ आणि पैसा याहून कितीतरी अधिक असतो. यंत्र साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराची उलटतपासणी झालीच पाहिजे.