सुट्टीतली भाड्याची सायकल



सुट्टीचे दिवस जवळ आले की दवाखान्यातले प्रश्नही प्रवासाचे होतात. गाडी लागू नये म्हणून कोणती गोळी घ्यावी, आईच्या इन्सुलिनची बाटली थंड कशी ठेवावी, हे नेहमीचे. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे: "डॉक्टर, गोव्याला चाललो आहोत. तिथे रोड सायकल भाड्याने मिळते. दोन-तीन दिवस चालवली तर चालेल ना?" विचारणारी व्यक्ती बहुधा चाळिशी-पन्नाशीतली असते. शेवटची सायकल कॉलेजात चालवलेली असते आणि ती होती काळी, जड, सरळ हँडलची. भाड्याने मिळणार असते ती मात्र बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची आणि एका हाताने उचलता येईल इतकी हलकी.

माझे उत्तर बहुतेक वेळा 'जरूर चालवा' असेच असते. सायकलवर शरीराचा भार बैठकीवर आणि हातांवर विभागला जातो. त्यामुळे ज्यांना पळणे झेपत नाही त्यांच्या गुडघ्यांनाही हा व्यायाम मानवतो. शिवाय गोव्यात त्यासाठी फार सुंदर जागा आहेत. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडून दिवाडी बेटावर उतरले की खाजन शेतीतून जाणारा सपाट रस्ता लागतो. चढ काय तो पिएदादच्या टेकडीचा. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. सकाळच्या प्रहरी सायकलवरून ही बेटे पाहणे आणि मोटारीच्या काचेतून पाहणे यांत फार अंतर आहे.

अडचण दुसरीकडे आहे. भाड्याची सायकल आपल्या मापाची नसते आणि सुट्टी मोजक्या दिवसांची असते. अनोळखी यंत्रावर, सराव नसलेल्या शरीराने, 'पैसे वसूल' करण्याच्या घाईत पहिल्याच दिवशी पन्नास किलोमीटर मारले जातात. दवाखान्यात नंतर येणाऱ्या तक्रारींचे मूळ बहुधा या घाईत सापडते.

तयारी चार आठवडे आधी

प्रौढ माणसाने आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढाही होत नसेल तर निघण्यापूर्वी किमान चार आठवडे घराजवळ सायकल चालवावी. शेजाऱ्याची मागून आणलेली साधी सायकलही चालेल. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला वीस मिनिटे, मग हळूहळू तासभर. श्रमाचे माप सोपे आहे: चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी घेणाऱ्यांची नाडी औषधामुळे श्रमाच्या मानाने कमी वाढते. त्यांनी मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यापेक्षा या बोलण्याच्या कसोटीवर विश्वास ठेवावा.

या तयारीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. माझ्याकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ सहलीसाठी असा सराव करत होते. तिसऱ्या आठवड्यात उड्डाणपुलाच्या चढावर त्यांचा गळा आवळल्यासारखा आणि जबडा भरून आल्यासारखा वाटू लागला. थांबले की दोन मिनिटांत बरे. सपाट रस्त्यावर काहीच नाही. घरच्यांनी पित्त म्हणून सोडून दिले होते. विश्रांतीच्या अवस्थेतला ईसीजी निर्दोष आला. पण श्रमाने येणारा आणि थांबताच जाणारा दाब हे लक्षण इतके बोलके असते की पुढच्या तपासण्या करवून घेतल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला आणि वेळेवर उपचार झाले. तोच चढ परगावी, उन्हात, सोबत्यांच्या वेगाशी बरोबरी करताना आला असता तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

म्हणून मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घराण्यात लहान वयात हृदयविकार यांपैकी काही असेल, अथवा वय चाळिशीपुढे असून व्यायामाची सवय अजिबात नसेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सहलीच्या दिवसांतल्या मात्रेबद्दल विचारावे. साखर उतरण्याचा धोका सायकल थांबल्यावरही काही तास राहतो.

सायकल घेताना

दुकानदार सायकल पुढे करील ती लगेच घेऊन निघू नये. पंधरा मिनिटे द्यावीत.

सायकलच्या आडव्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टेकून उभे राहावे. दांडा आणि जांघ यांत दोन-चार सेंटिमीटर मोकळी जागा हवी. मग बैठकीची उंची पाहावी. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हावा. चवडा ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहावा. आकडा हवा असेल तर घरीच अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे आणि त्याला 0.883 ने गुणावे. अंतर 80 सेंटिमीटर असेल तर पेडलच्या मधल्या आसापासून बैठकीच्या माथ्यापर्यंत सुमारे 70.6 सेंटिमीटर उंची योग्य. हा आकडा लिहून सोबत न्यावा. गुडघा पुढून दुखू लागला तर बैठक बहुधा खाली असते. मागून दुखला किंवा कंबर डावी-उजवी हलू लागली तर ती वर असते.

हँडल धरल्यावर कोपर थोडे वाकलेले आणि मनगट सरळ असावे. तळहाताच्या करंगळीकडच्या कडेवर सतत भार पडला तर तिथली नस दबते आणि करंगळी व अनामिका बधिर होतात. तीन दिवसांच्या सहलीनंतर शर्टाचे बटण लावता न येणारे रुग्ण मी पाहिले आहेत. ती बोटे पूर्ववत व्हायला कित्येक आठवडे लागतात. दर पाच-दहा मिनिटांनी हातांची जागा बदलली तर हे टळते. जांघेत बधिरपणा आला तर संकोच न करता उतरावे आणि बैठकीचे टोक वर झालेले नाही ना, ते पाहावे.

ब्रेक उभ्या उभ्या दाबून पाहावेत आणि कोणती मूठ कोणत्या चाकाची, हे विचारून घ्यावे. आपल्याकडे उजवी मूठ बहुधा पुढच्या चाकाची असते; अमेरिकेत आणि युरोपातल्या बहुतेक देशांत डावी. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आई-वडिलांनी हे ध्यानात ठेवावे. तिथे रहदारीची बाजूही उलटी असते. उतारावर पुढचा ब्रेक एकदम आवळला तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. वजन मागे घेऊन दोन्ही ब्रेक हलके, थांबून थांबून दाबावेत. बुटाला अडकणारी पेडले सुट्टीत प्रथमच वापरू नयेत; साधी सपाट पेडले मागावीत. टायरमधली हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत आहे ना, पाहावे.

हेल्मेटबाबत तडजोड नको. त्याची पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटे असावी आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटांपेक्षा जास्त जागा नसावी. मुलांना या बारीक टायरच्या सायकली देऊ नयेत. सरळ हँडलची, रुंद टायरची, त्यांच्या मापाची सायकल घ्यावी. दांड्यावर लहान मूल बसवून तर मुळीच नेऊ नये.

रस्त्यावर

कोकण-गोव्याच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. उजाडताच निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे. तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटाघोटाने पुरते. तहान नसताना लिटरच्या लिटर ढोसल्याने रक्तातले सोडियम उतरून घात होऊ शकतो. दोन तासांपेक्षा जास्त चालवायचे असेल तर ओआरएसची पुडी जवळ असावी. मोठी पुडी एक लिटर पाण्यातच मिसळायची; ग्लासभर पाण्यात नव्हे. खाण्यासाठी केळे, शेंगदाण्याचा लाडू किंवा गूळ-तुपाची गुंडाळलेली पोळी उत्तम. मद्य घेतले असेल तर त्या दिवशी सायकलला हात लावू नये.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस किलोमीटर पुरेत. बारीक टायर वाळूवर आणि जांभ्याच्या खडीवर घसरतो, गटाराच्या जाळीत अडकतो. रूळ किंवा जाळी काटकोनातच ओलांडावी.

कुत्रे मागे लागले तर लाथ मारू नये. वेग कमी करून उतरावे आणि सायकल मध्ये धरावी. चावा किंवा रक्त आलेला ओरखडा असेल तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. घरी परतल्यावर पाहू, असे म्हणू नये.

पडल्यास खरचटलेली जागा पाण्याने स्वच्छ धुऊन खडी काढावी आणि धनुर्वाताच्या लशीला पाच वर्षे होऊन गेली असतील तर डॉक्टरांना सांगावे. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखत राहिले तर पहिल्या एक्स-रेवर निश्चिंत होऊ नये; तिथल्या छोट्या हाडाची भेग कधी कधी दहा-चौदा दिवसांनीच दिसते. डोक्याला मार लागून उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे किंवा झटका यांपैकी काही झाले तर रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी लक्षणांची वाटच पाहू नये.

आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, थंड घाम, न शोभणारी धाप, असे काही झाले की तिथेच थांबावे. सायकल कडेला आडवी टाकावी, 108 क्रमांक फिरवावा आणि मदत येईपर्यंत सावलीत बसून राहावे. हळूहळू मुक्कामापर्यंत जाऊ, हा विचार मनात येऊ देऊ नये. स्त्रियांत आणि मधुमेहींत ही लक्षणे अस्पष्ट असतात. नुसती मळमळ आणि अनाकलनीय थकवा यांनाही तेवढेच महत्त्व द्यावे.

इतके वाचून कुणी सायकलचा बेतच रद्द करील, तर ते मला आवडणार नाही. सांगितलेल्या गोष्टींपैकी बहुतेक घरी बसून, चार आठवड्यांत, पैसे न खर्चता करण्याजोग्या आहेत. जांघेचे माप आजच घ्या, कागदावर लिहा आणि उद्या सकाळी वीस मिनिटे चालवून या. सहल संपली तरी ती वीस मिनिटे सोडू नका.