कॅमेरा साधाच राहू द्या, फ्लॅश हातात घ्या

साताऱ्यातल्या माझ्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्या बहुतेक मुलांकडे सर्वांत स्वस्त श्रेणीतला डीएसएलआर असतो आणि सोबत १८-५५ची किट लेन्स. दोन-चार लग्नं केली की प्रश्न येतो, "दादा, फुल फ्रेम घेऊ का? हप्त्यावर मिळतोय." मी सांगतो, थांब. आधी एक मॅन्युअल फ्लॅश, ट्रिगर, स्टँड आणि पांढरी छत्री घे. नव्या बॉडीपेक्षा हे कितीतरी कमी पैशांत होतं.

ही काटकसरीची गोष्ट नाही. लग्नातले बहुतेक फोटो बिघडतात ते उजेड चुकीच्या दिशेने आल्यामुळे. हळदीच्या घरात लेन्सच्या डोक्यावरचा फ्लॅश समोरून मारला की कपाळ चकाकतं, नाक सपाट होतं, मागच्या भिंतीवर काळी सावली चिकटते आणि पिवळीधमक हळद पांढरट पडते. तोच फ्लॅश काढून नवरीच्या एका बाजूला, डोळ्यांच्या जरा वर, छत्रीतून सोडा. नथीचा मोती न् मोती सुटा दिसतो. गालावर वाळत आलेल्या हळदीचा खरखरीतपणा कळतो. शेजारी बसलेल्या आजीच्या सुरकुत्या फोटोत येतात, आणि त्या यायलाच हव्यात.

शिवाय स्वस्त कॅमेऱ्याची दुखणी इथे जाणवतच नाहीत. आयएसओ ३२००ला फोटोत दाणे येतात, पण उजेड आपला असला की १०० ते ४००वर काम भागतं. किट लेन्स ५५वर एफ/५.६पेक्षा जास्त उघडत नाही, पण फ्लॅशला आपण एफ/५.६ किंवा एफ/८च ठेवतो आणि तिथे ती चांगली धारदार असते. शटर १/१६०वर ठेवा. यातल्या बहुतेक कॅमेऱ्यांची सिंकची मर्यादा १/२००च्या आसपास असते. मागच्या मांडवाचा उजेड हवा असेल तर शटर मंद करा, चेहऱ्यावरचा बदलायचा तर फ्लॅशची पॉवर बदला किंवा स्टँड सरकवा. अंतर दुप्पट केलं की उजेड पावपट उरतो. आणि छपाईचं म्हणाल, तर २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. १२ बाय १८ इंची पानाला ३०० डीपीआयने ५४०० बाय ३६०० पुरतात. अमेरिकेतल्या 'बाल्टिमोर सन'चा छायाचित्रकार डेव्हिड हॉबी याने २००६पासून 'स्ट्रोबिस्ट' या नावाने हीच विद्या जगभरच्या हौशी लोकांना मोफत शिकवली.

म्हणूनच मला एका गोष्टीचा मनापासून राग आहे. कॅमेऱ्यावरच्या हॉट शूमध्ये मधोमध एक गोल संपर्कबिंदू असतो. फ्लॅश उडवण्याचा इशारा त्यातून जातो, म्हणून कुठल्याही कंपनीचा साधा ट्रिगर चालतो. कॅननने ३०००डी आणि २०१९मध्ये आलेल्या २००डी मार्क टू या मॉडेलांत तो बिंदूच ठेवला नाही. कंपनीचे स्वतःचे फ्लॅश चालतात, साधा ट्रिगर मात्र गप्प राहतो. काही ट्रिगरवाल्यांनी पुढे फर्मवेअर बदलून वाट काढली, पण महागड्या बॉडीत असलेली सोय नवशिक्याकडून काढून घेणं अन्यायाचंच आहे. शिकण्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच असते.

असा कॅमेरा आधीच घेतला असेल तर निराश होऊ नका. पुष्कळ मॅन्युअल फ्लॅशना एस१ आणि एस२ असे मोड असतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा छोटा फ्लॅश उडाला की त्याचा उजेड पाहून तेही उडतात. कॅमेरा आधी चाचणीचा फ्लॅश मारत असेल तर एस२ लावा. घरात सरावाला हे उत्तम. लग्नात नको, तिथे दुसऱ्याच्या फ्लॅशनेही तो उडतो.

नवा घेणार असाल, तर दुकानदाराला हॉट शूवरचं झाकण काढायला सांगा. मधला गोल बिंदू दिसला नाही तर दुसरं मॉडेल मागा, नाहीतर सरळ वापरलेला ७००डी शोधा. त्यात तो बिंदू आहे.